लहान आणि स्वस्त मोबाईल पारखताना या चुका टाळा

नातेवाइकांत एकाला मोबाईलमधलं कळतं असं एकदा ठरलं की त्याची सुटका नसते. आमच्याकडे तो मी. "दहा-बारा हजारांत, खिशात मावेल असा सांग" म्हणत मावशी येते, मेहुणा येतो, शेजारचे काका येतात. त्यातले निम्मे पंधरा दिवसांत परत येतात, "अरे, हा फोन बाद निघाला." मी हातात घेऊन बघतो तर बहुतेक वेळा फोन बरा असतो. पारखताना तो चुकीच्या जागी नाहीतर चुकीच्या दिवशी पारखलेला असतो.

इंचांवरून आकार ठरवणं

ही चूक दुकानात शिरायच्या आधीच होते. "मला साडेपाच इंचीच हवा, सहाच्या वरचा नको." इंच मोजतात ते स्क्रीनच्या तिरक्या लांबीचे, आणि स्क्रीनची ठेवण, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण, मधल्या काळात बदलली. जुन्या १६:९ ठेवणीची साडेपाच इंची स्क्रीन साधारण ६८ मिलिमीटर रुंद भरते. आताच्या २०:९ ठेवणीची ६.१ इंची भरते ६४ च्या आत. म्हणजे आकडा वाढला आणि स्क्रीन अरुंद झाली! मुठीत मावणं रुंदीवर ठरतं, तेव्हा माहितीपत्रकात अख्ख्या फोनची रुंदी मिलिमीटरमध्ये बघा. माझ्या मध्यम पंज्याला ७०-७२ पर्यंत निभतं, ७६ च्या पुढे अंगठा हरतो. वर कव्हरचे दोन-तीन मिलिमीटर धरा, कारण मुंबईत कव्हराशिवाय फोन वापरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

डोंबिवलीहून सकाळच्या फास्टने जाताना माझा एक हात वरच्या कडीला असतो, सॅक पोटावर, आणि उरलेल्या हातात फोन. करंगळीवर फोनचं बूड टेकलेलं असतं आणि वरच्या कोपऱ्यातलं काहीतरी दाबायला अंगठा ताणावा लागतो. तो पोचला नाही की तळहात सरकतो, आणि फोन पडतो तो नेमका त्या क्षणी. दुकानात पारखताना एक हात खरंच वर धरून हे करून बघा. सेल्समन हसेल, हसू दे. अंगठा थोडक्यात कमी पडत असेल तर सेटिंगमध्ये एका हाताने वापरायचा मोड असतो, त्यात स्क्रीन अर्धी खाली उतरते. आधी तो चालू करा, मग फोनला नावं ठेवा.

एसीतल्या उजेडात स्क्रीन पास करणं

शोरूममध्ये सगळ्याच स्क्रीन झकास दिसतात. विचारून फोन दारापर्यंत न्या आणि उन्हात एखादा लांब मराठी मेसेज वाचा. स्वस्त फोनचा एलसीडी पडदा चारशे-पाचशे निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) असेल तर बाराच्या उन्हात लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर तुम्हाला आधी स्वतःचा चेहरा दिसेल.

त्याच वेळी नोट्समध्ये तीन शब्द टाइप करा: "कॅमेऱ्यात", "कोऱ्हाळे", "ॲप". 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' धड उमटतात का, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. अरुंद स्क्रीनवर मराठी कीबोर्डच्या कळा फारच बारीक होतात, तेव्हा बोलून टाइप करायची सोयही तिथेच तपासा. मराठी फोनवर मराठीच लिहून बघावं, हे कुणाला सुचत नाही याचं मला दरवेळी नवल वाटतं.

आणि ज्याच्यासाठी फोन घ्यायचा त्याच्या अक्षराच्या आकारात तो बघा. हे मी आईच्या फोनवर शिकलो. तिला लहान फोन दिला, अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली आणि कामाला निघून गेलो. दुपारी तिचा फोन.

"अरे, या बँकेत पुढे जायचं बटणच नाहीये."

"आई, खाली सरकव."

"सरकवलं. नुसता कीबोर्ड आहे इथे."

संध्याकाळी बघितलं तर तिचंच बरोबर होतं. वर ओटीपीची चौकट, खाली अर्धा पडदा कीबोर्डने खाल्लेला आणि 'पुढे'चं बटण त्याच्या मागे दडलेलं. मोठ्या फोनवर ते दिसलं असतं, म्हणून फोन बदलायला निघालोही होतो. पण ॲण्ड्रॉइडमध्ये अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार अशा दोन वेगळ्या पट्ट्या असतात, आणि मी उत्साहाच्या भरात दोन्ही टोकाला नेल्या होत्या. अक्षरं मोठी ठेवली, डिस्प्लेची पट्टी मूळ जागी आणली, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये त्याची उंची एक पायरी कमी केली. बटण अर्धं वर आलं. उरलेल्या अर्ध्यासाठी 'मागे' करून कीबोर्ड खाली घालवायला तिला शिकवलं. त्याला ती "फळी पाडणं" म्हणते. आता शेजारच्या काकूंनाही फळी पाडायला तीच शिकवते.

खोक्यावरचे जीबी मोजणं

खोक्यावर '८ जीबी रॅम' असं मोठं लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ४+४. खरी रॅम चार. उरलेली चार म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरायचा, आणि त्याचा वेग रॅमच्या जवळपासही नसतो. या किमतीत त्याहून महत्त्वाचा प्रश्न स्टोरेजच्या जातीचा आहे: ईएमएमसी की यूएफएस? ईएमएमसी ५.१ वरून सलग वाचन सेकंदाला जेमतेम तीनशे एमबीपर्यंत जातं, यूएफएस २.२ वर ते हजाराच्या आसपास पोचतं. दुकानातला डेमो फोन रिकामा असतो, त्यामुळे हा फरक तिथे जाणवत नाही. तो सहा महिन्यांनी जाणवतो, सुप्रभातच्या गुलाबांनी स्टोरेज गच्च भरल्यावर. "फोन स्लो झाला" या तक्रारीवर मी सगळ्यात आधी व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करतो आणि पंधरा-वीस टक्के जागा मोकळी करतो. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसऱ्या दिवशी बॅटरीचा निकाल लावणं

नवा फोन पहिले काही दिवस आतल्या आत राबत असतो. जुने फोटो उतरवतो, ॲप अपडेट करतो, सगळ्याची यादी लावतो. त्या दिवसांत बॅटरी पळणारच. आठवडा जाऊ द्या. शिवाय लहान फोनमध्ये बॅटरीला जागाच कमी, तेव्हा मेहुण्याच्या मोठ्या फोनशी तुलना करू नका. तुमचा घर ते घर दिवस निघतो का, एवढंच बघा. निघत नसेल तर फाइव्हजी बंद करून दोन दिवस फोरजीवर काढा. जिथे फाइव्हजी अर्धवट पोचतं तिथे फोन सारखा या नेटवर्कवरून त्या नेटवर्कवर उड्या मारतो, आणि त्याचा भार बॅटरीवर पडतो.

मग लोक दुसरं टोक गाठतात. बॅटरी सेव्हर कायमचा चालू, आणि पुढे "मेसेज उशिरा येतात, अलार्म वाजत नाही" म्हणून तक्रार. ज्या ॲपचं अडतं त्याच्या माहितीत जाऊन बॅटरीच्या रकान्यात 'अनिर्बंध' निवडा, सगळ्या ॲपना नको.

नेटवर्कचं खापर फोनवर फोडणं

भुयारी मेट्रोत रेंज गेली म्हणून फोन वाईट ठरत नाही. आत तुमच्या सिमच्या कंपनीची यंत्रणा नसेल तर लाखाचा फोनही गप्प बसतो. खरी परीक्षा तुलनेची आहे. एकच सिम आधी जुन्या फोनमध्ये आणि मग नव्यात घालून, घरातल्या त्याच कोपऱ्यात उभं राहा. 'फोनबद्दल' मध्ये सिम स्टेटसखाली डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या जोराचा, आकडा असतो. वजा ९० च्या आसपास चांगला, वजा ११० च्या खाली गेला तर कठीण. कांड्यांवर जाऊ नका, त्या प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने दाखवते. घेण्याआधी फोन फाइव्हजीचे कुठले बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, पकडतो तेही बघा. एन७८ हवाच, जिओ असेल तर एन२८ सुद्धा, कारण ७०० मेगाहर्ट्झचा तो बँड भिंतींच्या आत जास्त शिरतो.

यादीत नसलेलं न शोधणं

माहितीपत्रकात जे लिहिलेलं नसतं ते सहसा फोनमध्येही नसतं. स्वस्त फोनांत होकायंत्र, म्हणजे मॅग्नेटोमीटर, बऱ्याचदा गाळलेलं असतं. दादरला पश्चिमेला पुलावरून उतरल्यावर याचा हिसका कळतो. नकाशावर निळा ठिपका असतो, पण त्याच्या पुढचा झोत नसतो. प्लाझा सिनेमा कुठल्या हाताला आणि कबुतरखाना कुठल्या, हे वीस पावलं चालल्याशिवाय फोनला सांगता येत नाही.

मावशीची तक्रार आणखी निराळी होती. "मी बोलता बोलता समोरच्याला माझा आवाजच जात नाही." कॉल चालू असताना कानाजवळ स्क्रीन बंद व्हायला हवी, ती होत नव्हती, आणि मावशीचा गाल म्यूटचं बटण दाबत होता! कोपऱ्यावरच्या दुकानातून लावून घेतलेल्या काचेने सेन्सर झाकला होता. काच काढली, आवाज आला. काही स्वस्त फोनांत मात्र हा सेन्सरच नसतो, हालचालीवरून किंवा न ऐकू येणाऱ्या ध्वनीवरून अंदाजाने काम भागवतात. तिथे इलाज नाही. दुकानातच एक कॉल लावून फोन कानाला धरा.

पावसाबद्दल थोडंच. खोक्यावरचं आयपी५४ म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाची पायरी: शिंतोडे झेलेल, जुलैत तुंबलेला हिंदमाता चौक नाही. पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत सहसा बसत नाही. टाइप-सीच्या भोकात ओल असल्याचा इशारा आला तर तोंड खाली करून हलकेच झटका आणि पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका. पीठ आत जातं, पाणी बाहेर येत नाही.

जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी *#०६# दाबा. येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलावरच्या आकड्याशी ताडून बघा, मग इंग्रजीत केवायएम, एक मोकळी जागा आणि तो पंधरा आकडी नंबर असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. तो फोन कुठला ते उत्तरात येतं, आणि काळ्या यादीत असेल तर तेही. दुकानदार म्हणाला, "घरी जाऊन बघा ना साहेब," तर फोन काउंटरवर ठेवायचा आणि जिना उतरायचा.