इंग्रजी स्वर: स्पेलिंग झाका, कान उघडा

इंग्रजीत स्वरांची अक्षरं ५, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी साधारण २०. त्यामुळे स्पेलिंग बघून उच्चार ठरवायला गेलात की फसलातच. नवा शब्द आधी ऐका, दोनदा म्हणा आणि मगच त्याचं स्पेलिंग बघा.

सरावाला जोड्या घ्या: शिप–शीप (ship–sheep), पेन–पॅन (pen–pan), फुल–फूल (full–fool). शिप आणि शीपमधला फरक नुसता ऱ्हस्व-दीर्घाचा नाही. 'शीप' म्हणताना ओठ ताणले जातात आणि जीभ वर चढते. 'शिप'ला दोन्ही सैल राहतात. आरशासमोर म्हणून बघा, लगेच दिसेल. 'पॅन'साठी जबडा 'पेन'पेक्षा चांगलाच खाली यायला हवा.

खरी गोम मात्र आघातात, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा यात आहे. इंग्रजीत सर्वात जास्त येणारा स्वर म्हणजे श्वा, आपल्या 'अ'च्या अगदी जवळचा. शब्दकोशात त्याची खूण उलट्या इंग्रजी e सारखी (ə) असते. आघात नसलेल्या अवयवातला (शब्दाच्या एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यातला) स्वर बऱ्याचदा याच 'अ'मध्ये विरघळतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर. पण 'फोटोग्राफर' म्हणताना जोर दुसऱ्या अवयवावर सरकतो आणि उच्चार होतो 'फटॉग्रफर'. प्रत्येक अक्षर ठासून म्हणायची आपली सवय (शाळेत त्याचंच कौतुक होतं!) इथे आड येते.

रोज चार-पाच शब्द पुरेत. शब्दकोशाच्या ॲपमधला उच्चार ऐका, स्वतःचा मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ वाजवा.