कोरफडीची पिल्लं वेगळी करताना

कोरफडीचं पान मातीत खोचून नवं रोप येईल, अशी आशा बरेच जण धरतात. मी सगळ्यांना सांगते, पान वाया घालवू नका. त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. मुळं फुटायच्या आधी ते सडून जातं. नवं झाड करायचं ते बुडाशी आलेल्या पिल्लांपासून.

पिल्लू दिसलं की लगेच काढायचं नाही. ८-१० सेंमी उंच होऊन चार-पाच पानं येऊ द्या, म्हणजे त्याला स्वतःची मुळं धरलेली असतात. काढायच्या आधी दोन-तीन दिवस पाणी बंद ठेवा. मग कुंडी आडवी करून मोठं झाड मातीसकट बाहेर घ्या. पिल्लाची पानं धरून वरून ओढलंत, तर मुळं आत तुटून राहतात. माती झटकली की जोड नेमका कुठे आहे ते दिसतं. बरीचशी पिल्लं तिथे हलकेच वाकवली की सुटतात. नाहीच सुटलं, तर स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कापा. कापलेल्या जागेतून पिवळा चीक येतो. त्याने कुणाकुणाला खाज सुटते आणि पोटात गेला तर जुलाब होतात, म्हणून लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांबच बरी.

यानंतर पिल्लू मातीत घालायची घाई होते आणि नेमकी तिथेच रोपं मरतात. ओली जखम मातीत गेली की बुरशी आत शिरते. पिल्लू सावलीत, हवेशीर जागी कागदावर ठेवा. कापलेला भाग हाताला कोरडा, कडक लागेपर्यंत थांबा. साधारण दोन-तीन दिवस लागतात, दमट हवेत जास्त. तेवढ्यात त्याला काही होत नाही, पानांत पाण्याचा साठा असतो.

कुंडी मातीची, लहान आणि तळाला भोक असलेली घ्या. निम्मी माती, निम्मी जाडी वाळू. खत आत्ता नको. मुळं झाकतील इतकंच खोल लावा. पानांचा बुंधा मातीत गाडू नका. पहिला आठवडाभर पाणी देऊ नका. मग एकदा भरपूर द्या आणि पुढचं पाणी माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच.

थेट कडक उन्हात ठेवलंत तर पानं तांबूस पडतात. घाबरून पाणी वाढवू नका, कुंडी जरा आडोशाला सरकवा. पानं किंचित सुकल्यासारखी दिसली तरी चालतं. मऊ, पाणीदार आणि करड्या रंगाची झाली, तर मात्र कूज लागली समजा. मग रोप काढून सडका भाग कापा, पुन्हा सुकवा, कोरड्या वाळूत लावा.

मूळ धरलं का हे बघायला रोप उपटायची गरज नाही. बुडाशी धरून अगदी हलकं ओढा. मातीने धरून ठेवलं आणि मधून नवं पान निघू लागलं, की ते लागलं.