डिस्टिलरीत पहिल्यांदा शिफ्टला उभे राहणाऱ्यांसाठी

मायक्रोबायॉलॉजी शिकून साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय.

कागदावरचं गणित सोपं आहे. 180 ग्रॅम ग्लुकोज खाऊन यीस्ट 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड देतं. मळीवर, म्हणजे साखर काढून उरलेल्या दाट पाकावर, मात्र ते पुरतं उतरत नाही. यीस्टला स्वतःलाही वाढायचं असतं, थोडी साखर ग्लिसरॉलमध्ये जाते, थोडी जिवाणू खातात. ही गळती कमीत कमी ठेवायची, हेच आपलं काम.

माझ्या पहिल्याच सीझनला रात्रपाळीत फर्मेंटर (मळी आंबवायची टाकी) 32 अंशांवरून 37 वर गेला. कूलिंगच्या प्लेटा गाळाने चोकअप झाल्या होत्या. मी दर तासाला आकडा वहीत लिहीत राहिलो, कुणाला उठवलं नाही. सकाळी सीनियर केमिस्टांनी वॉशच्या, म्हणजे फर्मेंटरमधल्या आंबणाऱ्या द्रवाच्या, थेंबात मिथिलीन ब्लू टाकला आणि मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. जिवंत पेशी हा रंग मोडतात, म्हणून पांढऱ्या दिसतात. मेलेल्या निळ्या पडतात. स्लाइड निळ्या ठिपक्यांनी भरली होती, मधूनमधून लॅक्टोबॅसिलस या आंबट करणाऱ्या जिवाणूच्या बारीक काड्या. वॉशला आंबूस वास सुटला होता. ती अख्खी बॅच कमी उतरली.

तेव्हापासून शिफ्ट घेतली की आधी स्लाइड बघतो, मग पॅनेल. कळ्या फुटलेल्या, म्हणजे वाढीला लागलेल्या, पेशी भरपूर दिसल्या की जीव भांड्यात पडतो. तापमान 33 च्या वर सरकू लागलं की लगेच फोन करा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

रिकाम्या फर्मेंटरच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. ब्लोअर, ऑक्सिजन मीटर, परमिट आणि मॅनहोलपाशी उभा माणूस, यातलं एक जरी नसेल तर आत उतरू नका. वरून कितीही घाई झाली तरी नाही.

स्पेंटवॉशकडे, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याकडे, नवी मुलं दुर्लक्ष करतात, याचं मला वाईट वाटतं. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 12 लिटर स्पेंटवॉश निघतो. डायजेस्टरमधले (हवाबंद टाकीतले) जीव त्याचा मिथेन करतात आणि तो बॉयलरला जळतो. यीस्टची बिघडलेली बॅच टाकून नवी लावता येते; मिथेन करणारे जीव मात्र एकदा आम्लात सापडले की सावरायला आठवडे घेतात. फीड वाढवायचं तर थोडं थोडं, रोज आम्लता मोजून.

पुढे शिकायचं असेल तर पुण्याजवळ मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकवतात. प्रवेश घेण्याआधी ऐन गाळपात जवळच्या एखाद्या डिस्टिलरीत परवानगी काढून एक रात्रपाळी पूर्ण उभे राहून बघा.