शिकाऊ डॉक्टर गोठ्यात आले की काय विचारायचं

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा गोठा आहे. म्हशी, दोन गीर गाई, एक बैलजोडी. डॉक्टरसाहेबांसोबत अधूनमधून इंटर्नशिपची मुलं-मुली येतात. त्यांची पशुवैद्यकीय पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. ती जिवंत जनावरावरच शिकणार, आणि त्यांनी शिकावं असं मला मनापासून वाटतं. वरच्या पाड्यांवर जनावर अडलं की डॉक्टर पोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो, ते आम्ही जवळून बघतो. पण हात लावायचा तो मालकाला विचारून.

साहेब आले की पहिला प्रश्न हाच: "साहेब, हात कोण घालणार?" "पोरं जरा बघतील," एवढ्यावर मान हलवू नका. बघणं वेगळं, सुई टोचणं वेगळं. इंजेक्शनला हो म्हटलं म्हणून गाभण तपासणीला हो झालं नाही. प्रत्येक कामाचं वेगळं विचारायला लावा. दुसरा प्रश्न: तुम्ही शेजारी उभे राहणार ना? भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे उपचाराचा अधिकार नोंदणी झालेल्या डॉक्टरचा आहे. साहेब फोनवर बोलत बांधावर गेले, तर काम थांबवा.

सगळ्यात जास्त जपायचं ते गाभण तपासणीत, म्हणजे शेणाच्या वाटेने हात घालून गर्भ चाचपतात त्यात. साहेबांनी तपासल्यावर एका गाईला किती जण हात घालणार, ते आधी ठरवून घ्या. मी एकालाच हो म्हणते. चार जणांनी पाठोपाठ हात घातला तर आतलं अस्तर सोलतं, गाय कुंथत राहते. नखं कापलेली हवीत, हातमोजा प्रत्येक जनावराला नवा, आणि वंगण भरपूर. गाय कुंथायला लागली की हात सैल सोडून थांबायचं, ढकलायचं नाही. हातमोज्याला रक्त दिसलं की तपासणी बंद, आणि साहेबांनी स्वतः बघायचं. रेतन करून दोन-अडीच महिने झाले नसतील तर मी नवख्या हाताला नाहीच म्हणते. तेव्हा गर्भ नाजूक असतो. पहिलारू कालवडही देत नाही. शांत, दोन-तीन वेतं झालेली गाय पुढे करते. एप्रिल-मे मध्ये हे काम सकाळी उन्हाआधी. म्हशीला खोड्यात उन्हात उभी ठेवायची नाही.

आपल्याकडे जनावर धरायला बहुतेक वेळा सालदार असतो. साहेबांनी विचारलं की तो बिचारा "हो साहेब" म्हणून मोकळा होतो. त्याला आधीच सांगून ठेवा: मला फोन केल्याशिवाय हो म्हणायचं नाही. आणि धार काढणाऱ्या बाईला विचारा. कोणती गाय मागून लाथ मारते, ते तिलाच माहीत.

गोऱ्ह्याला खच्ची करायचा चिमटा लावायचा असेल तर आधी बधिर करणार का, ते विचारा. कुत्रीची नसबंदी किंवा कुठलंही ऑपरेशन असेल तर संमतीपत्र घरी नीट वाचा. भूल कोण देणार, कापणार कोण, टाके कोण घालणार, हे त्यात नसेल तर पेनाने लिहून घ्या, मगच सही. शिकाऊ मुलांनी फक्त वरचे टाके घालावेत, असंही लिहिता येतं.

वासरू आडवं अडकलं असेल तर सरावाची वेळ नाही. आधी साहेबांचा हात.

नाही म्हणायला लाजू नका. "आज नको, गाय बिथरलेली आहे," एवढं पुरतं. हो म्हटल्यावर मध्येच थांबवायलाही हरकत नाही. नकार दिला म्हणून उपचार अडवता कामा नये; तसं कुणी म्हणालं तर साहेबांशी तिथेच बोला.

ही मंडळी निघण्याआधी औषधाचं नाव आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, ते कागदावर लिहून घ्या. पुढचे दोन दिवस शेण, चारा, दूध, रक्तस्राव बघा. काही वेगळं दिसलं तर साहेबांना लगेच कळवा. आणि गाय व्यायली की तपासणाऱ्या मुलीलाही फोन करा. तिचा अंदाज बरोबर होता का, हे तिला कळायला हवं.