मुलांच्या बेसबॉल स्पर्धेतली बक्षिसं: कोण देतं, कशावर देतं आणि त्यांचा अर्थ काय

अमेरिकेत मूल बेसबॉल खेळायला लागलं की घरात पदकं, अंगठ्या आणि प्रमाणपत्रं जमायला लागतात. क्रिकेटवर वाढलेले आईबाबा त्या सगळ्यांना मालिकावीराच्या मापाने मोजतात आणि तिथेच घोटाळा होतो. कुठलंही बक्षीस असो, आधी दोन प्रश्न विचारा: ते कोणी ठरवलं, आणि ठरवणाऱ्याने किती सामने पाहिले?

लिटल लीग ही गावोगावच्या मुलांच्या बेसबॉल लीग चालवणारी संघटना. तिच्यातलं 'ऑल-स्टार' हे बक्षीस नाही, ती निवड आहे. वसंतातला साखळी हंगाम संपत आला की स्थानिक लीग आपल्या वेगवेगळ्या संघांतून मुलं निवडून एक संघ बांधते. हा संघ जिल्हा, राज्य, विभाग अशा पायऱ्या चढतो. १२ वर्षांपर्यंतच्या गटात शेवटची पायरी म्हणजे ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या साउथ विल्यम्सपोर्टला होणारी वर्ल्ड सिरीज. निवडीची पद्धत स्थानिक मंडळ ठरवतं. कुठे कोच मत देतात, कुठे खेळाडूही देतात. म्हणून पद्धत हंगामाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. नावं जाहीर झाल्यावर विचारलं की ती तक्रार वाटते.

'ऑल-टूर्नामेंट टीम' मात्र स्पर्धेतल्या खेळावर ठरते आणि तो संघ फक्त कागदावर असतो. परफेक्ट गेमसारख्या मोठ्या आयोजकांच्या स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी वेगळा, सर्वोत्तम पिचरचा (बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याचा) सन्मान वेगळा आणि ऑल-टूर्नामेंट यादी वेगळी असते. छोट्या स्पर्धांत बहुधा प्रत्येक कोचकडून एक-दोन नावं मागवतात. अशा यादीतलं नाव म्हणजे 'आपल्या संघात उठून दिसला'. सगळ्या स्पर्धेत पहिल्या दहांत आला असा अर्थ त्यातून निघत नाही. एमव्हीपी बहुतेक वेळा विजेत्या संघातलाच असतो, कारण अंतिम सामना सगळ्यांनी पाहिलेला असतो.

इथेच पिचरवर अन्याय होतो. लिटल लीगच्या नियमात ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पिच, म्हणजे बॅटरकडे ८५ चेंडू, टाकता येतात. ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती सक्तीची, २१ ते ३५ टाकल्या तरी एक दिवस. ट्रॅव्हल बॉलच्या (स्थानिक लीगबाहेर, ठिकठिकाणी जाऊन खेळायच्या स्पर्धांच्या) आयोजकांचे आकडे वेगळे असतील, पण मर्यादा असतेच. त्यामुळे शुक्रवारी ७० पिच टाकून बलाढ्य संघाला रोखणारा मुलगा रविवारच्या फायनलमध्ये पिचिंगला दिसणारच नाही. फक्त फायनल पाहून नावं ठरवली तर तो राहून जातो. कोचने शिफारशीत त्या सामन्याचा स्पष्ट उल्लेख करावा. आणि बक्षिसासाठी थकलेल्या हातातून आणखी एक इनिंग कोणीही मागू नये, कोचनेही नाही आणि पालकांनीही नाही.

शिफारस टिकते ती आकड्यांवर, म्हणून स्कोअरिंग चोख हवं. एक उदाहरण घ्या. मुलगा ११ वेळा प्लेटवर (बॅटिंगला) आला: २ वॉक (चार वाइड पिचवर फुकट मिळालेला बेस), १ वेळा पिच अंगाला लागली, १ सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन सहकाऱ्याला रन मिळवून देणारा उंच फटका). हे चार वजा करून ॲट-बॅट, म्हणजे सरासरीत धरल्या जाणाऱ्या खेळी, उरले ७. हिट (फटक्यावर बेस गाठणं) ४, म्हणजे सरासरी ०.५७१. ११ ने भागलं तर ती ०.३६४ दिसते आणि नाव मागे पडतं. एररमुळे (फील्डरच्या चुकीमुळे) किंवा फील्डर्स चॉइसवर (फील्डरने त्याच्याऐवजी दुसऱ्या धावपटूला बाद करायचं ठरवल्यामुळे) बेसवर पोहोचला तर ॲट-बॅट मोजला जातो, हिट मात्र मिळत नाही. त्या वयाच्या फील्डरला साधारण प्रयत्नात आउट करता आलं असतं तर एरर, नाहीतर हिट. आपल्या मुलाचा प्रत्येक एररचा चेंडू हिट म्हणून नोंदवणारे हौशी स्कोअरर असतात, आणि अनुभवी आयोजक असे फुगवलेले आकडे बाजूला ठेवतात.

पिचरच्या ईआरएमध्ये, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे त्याने सरासरी किती अर्न्ड रन (एररमुळे गेलेले सोडून उरलेले रन) दिले त्या आकड्यात, दोन चुका हमखास होतात. स्कोअरशीटवर ४.२ इनिंग म्हणजे चार पूर्ण इनिंग आणि दोन आउट, चार पूर्णांक दोन दशांश नव्हे. दुसरी, ६ इनिंगच्या सामन्यांत गुणायचं ६ ने, ९ ने नाही. म्हणजे ४.२ इनिंगमध्ये ३ अर्न्ड रन दिले असतील तर १८ भागिले ४.६७, ईआरए साधारण ३.८६. हेच ९ ने काढलं तर ५.७९ येतो. जर्सी नंबर स्कोअरिंगच्या ॲपमध्ये आहे तोच अंगावर आहे ना, हे पहिल्या सामन्याआधी पाहा. ऐनवेळी जर्सी बदलली की हिट दुसऱ्याच्या नावावर जातात.

सांघिक बक्षिसातही बारकावा आहे. आधी पूलमध्ये (साखळी गटात) दोन-तीन सामने, मग त्यावरून गोल्ड (वरचा) आणि सिल्व्हर (खालचा) असे बाद फेरीचे ब्रॅकेट, म्हणजे गट, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी असते. सिल्व्हरचा विजेता खरोखर जिंकलेला असतो, पण स्पर्धेचा विजेता गोल्डमधला. पूलमध्ये बरोबरी झाली तर आपसातला सामना, मग दिलेले रन, मग रनांचा फरक असा क्रम सर्रास दिसतो. फरकाला सामन्यामागे बहुधा मर्यादा असते, त्यामुळे हरलेल्या संघाला आणखी झोडपून काही मिळत नाही. क्रम प्रत्येक स्पर्धेत वेगळा असतो. नियमपत्रक आधीच वाचून ठेवा.

कोचसाठी: शिफारशीची मुदत कधी संपते ते पहिल्याच दिवशी विचारा. बाद झालेला संघ शनिवारी रात्री घरी निघतो आणि नावं पाठवायची राहतात. नाव, जर्सी नंबर, शाळा संपण्याचं वर्ष, आकडे आणि एक ठळक प्रसंग, एवढं पाठवलं की पुरे.

कॅचर (प्लेटमागे पिच झेलणारा) आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) यांच्या बचावाला स्कोअरशीटवर फारशी जागा नसते. सगळे सामने पाहिलेल्या कोचने दिलेलं क्षेत्ररक्षणाचं किंवा खिलाडूवृत्तीचं छोटं पदक आम्ही एका फायनलवर ठरलेल्या एमव्हीपीइतकंच मोलाचं मानतो, निदान १२ वर्षांपर्यंत तरी.

पुढे कॉलेजच्या कोचला माहिती पाठवताना बक्षीस पूर्ण लिहा: स्पर्धेचं नाव, वर्ष, वयोगट, ब्रॅकेट, किती संघ होते आणि सन्मान कोणता. नुसतं 'एमव्हीपी' लिहिलं तर ते कशाचं हे कळत नाही. हायस्कूलच्या आधीची बक्षिसं त्यात घालू नका. तिथे पिचचा वेग, ६० यार्ड धावण्याची वेळ, खेळाचा व्हिडिओ आणि शाळेतले गुण आधी पाहिले जातात.