व्हीलचेअर पुळणीवर नेताना

पुढची छोटी चाकं कोरड्या वाळूत रुततात आणि बसलेला माणूस तोंडावर जातो. म्हणून खुर्ची ढकलू नका. उलटी फिरवून, मोठी चाकं पुढे ठेवून ओढा. दुसरा सोबती समोरून चालला की गप्पाही होतात, आणि जायचं ते मुळात त्यासाठीच.

वेळ तिथीवरून काढा. तिथीला ३ने गुणून ४ने भागलं की भरतीची साधारण वेळ, त्यानंतर ६ तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी संध्याकाळी ५ ते ७च्या दरम्यान येते. दापोलीजवळच्या कर्दे-मुरूडसारख्या सपाट किनाऱ्यावर तेव्हा ओली, घट्ट वाळू लांबवर उघडी पडते.

सुरूच्या बनापासून तिथवरच्या भुसभुशीत पट्ट्यासाठी ३ फूट रुंद, ४ फूट लांब प्लायवूडच्या दोन फळ्या घ्या. एक ओलांडली की उचलून पुढे टाकायची.

लाट चाकाला लागेल इतक्या जवळ थांबू नका. परतणारं पाणी चाकाखालची वाळू ओढून नेतं आणि ब्रेक लावलेली खुर्चीही कलते.

घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुऊन पुसा. खाऱ्या पाण्याने बेअरिंग गंजतात.