खान्देशात हमिंगबर्ड दिसला? आधी हे तपासा

हमिंगबर्ड उत्तर-दक्षिण अमेरिकेतच असतात. वाट चुकतात, पण तिथल्या तिथे: पश्चिमेकडून मेक्सिकोला जाणारा रुफस हमिंगबर्ड हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत सापडतो. तो रावेर-यावलला यायचा नाही. मग घाणेरीवर भिरभिरत होतं ते काय?

बहुतेकदा दिवसा उडणारा हॉकमॉथ, म्हणजे एक पतंग. डोक्यावर दोन मिशा शोधा, टोकाकडे जाड झालेल्या. सोंड फुलात जाताना मधेच वाकते, उडताना गुंडाळलेली असते. चोचीला हे जमत नाही. शेपटी वाटते तो केसांचा झुपका. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन लावा. पंख तरीही धूसरच येतील, मिशा मात्र सापडतात.

क्षणभर तरंगून लगेच देठ पकडत असेल, तर तो शिंजीर (सनबर्ड). केळफुलावर, पळसावर हमखास. फसवतो तो जांभळ्या शिंजिराचा पावसाळा सरल्यावरचा नर: जांभळी झळाळी गेलेली, खालून पिवळट, आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा. जुन्या ओळखीचाच पक्षी, पण ‘नवीन जात’ म्हणून ग्रुपवर फिरतो.

हतनूर धरणाच्या पाण्यावर किंवा तोरणमाळला खरोखरच इथला नसलेला पक्षी दिसला, तर जवळ जाऊ नका. सूर्य पाठीशी घेऊन आहे तिथूनच फोटो काढा. धूसर चालतील, पण कूस, पाठ आणि उघडा पंख हवा. मग पुस्तक उघडण्याआधी वहीत लिहा: वेळ, अंतर, पायांचा रंग, आवाज, शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याहून लहान की मोठा. चित्र आधी पाहिलं की न दिसलेलं पण दिसल्यासारखं वाटतं. पायात कडी, झिजलेली शेपटी, माणसाची भीती नाही? मग पिंजऱ्यातून सुटल्याचा संशय घ्या.

मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवली की तिच्यातली ठिकाणाची माहिती गळते. ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) नोंद करताना ‘जळगाव जिल्हा’ एवढ्यावर भागवू नका, नेमका बिंदू द्या. ठिकाणाची किंमत रानपिंगळ्यानं, या दुर्मिळ छोट्या घुबडानं, दाखवली आहे. 1884 नंतर त्याचा खरा नमुना नव्हता. माइनर्टझहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकानं चोरलेल्या नमुन्यावर ‘मांडवी, 1914’ अशी खोटी चिठ्ठी लावली आणि शोध गुजरातेत भरकटला. पक्षी 1997 मध्ये सापडला तो आपल्या शहाद्याजवळ.